वन्सं, तुमच्या पानांवरचे चिंचोके

वन्सं,

तुमचं तेरावं परवा झालं. मांडववाले बांबू काढून घेऊन गेले, भाड्याच्या खुर्च्या गेल्या, पाहुणे गेले. आज दुपारी घरात मी एकटीच आहे, म्हणून लिहायला बसले. कागद तुमचाच आहे. छापखान्यात वाया गेलेले कागद तुम्ही गठ्ठा बांधून आणून द्यायचात, एक बाजू कोरी आहे, टाकू नकोस म्हणायचात. मी ते डब्यांखाली घालत आले. आज एक गठ्ठा सोडला. ज्या कागदावर हे लिहिते आहे त्याच्या मागे कुठल्याशा नटीचा अर्धा चेहरा आहे. एकच डोळा, तोही माझ्याकडेच बघतोय.

हे कुणाला दाखवायचं नाही. तुमच्या मासिकाचं नावसुद्धा मी इथं लिहिणार नाही. उद्या कुणाच्या हाती पडलं तर लोक काय काय अर्थ काढतील.

अंबरनाथच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली तेव्हा मी मागे बसले होते, पाण्याच्या जारजवळ. एकेक जण उठून बोलत होता. कुणी म्हणालं, मॅडमनी कधी आवाज चढवला नाही. कुणी म्हणालं, त्या आम्हा सगळ्यांच्या आईसारख्या होत्या. मी ऐकत होते आणि मला वाटत होतं, हे नक्की कुणाबद्दल बोलतायत? माझ्या पडवीत बसून तुम्ही फोनवर एका लेखकाला म्हणाला होतात, "तुमचा लेख वाचता वाचता माझा चहा गार झाला, आणि चहा फार चांगला होता हो." ती बाई कुठं गेली? आणि तो क्रीम रंगाच्या कुडत्यातला, जो बोलता बोलता रडला, तो तर मासिकाच्या मालकांचा भाऊ. त्यानं तुम्हाला काढायचा घाट घातला होता हे तुम्हीच मला सांगितलं होतं. मी त्याच्या रुमालाकडे बघत होते. रुमाल कोरडा होता. किंवा मला तसं वाटलं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

हा स्वभाव पहिल्यांदा तुमच्यावरच उलटला होता. मी लग्न होऊन खरवईला आले तेव्हा तुम्ही अंबरनाथला, पश्चिमेला, स्टेशनजवळ खोली घेऊन एकट्या राहत होता. मोठी नणंद, बिनलग्नाची, मासिकात नोकरीला. त्या बिनलग्नाच्या रागापायी आई तुमच्याशी धड बोलत नसत. तरी तुम्ही दर रविवारी यायचात आणि आईंपाशी थोडं बसून माझ्याकडे आत यायचात. शेजारीण म्हणाली, जमिनीवर डोळा असेल गं. तेव्हा आपल्या खरवईत अजून शेतं होती, पण बिल्डर बांधावर येऊन उभे राहायला लागले होते. मला ते पटलं. एवढी शिकलेली बाई चौथी शिकलेल्या भावजयीच्या चुलीपाशी येऊन का बसेल? काहीतरी हवं असल्याशिवाय? मी पोहे द्यायचे, चहा द्यायचे आणि तुमच्या तोंडाकडे बघत राहायचे. तुम्ही जमिनीचा विषय कधी काढला नाहीत. त्यानं माझा संशय कमी नाही झाला, वाढला. मला वाटलं, फार मुरलेल्या आहात.

मग तुम्ही संपादक झालात. तुमच्या भावानं पेढे आणले. आईंनी पेढा घेतला आणि तोंडात न टाकता वाटीत ठेवला. त्यांनी तुमचं मासिक त्याआधी एकदाच चाळलं होतं. गुळगुळीत कागद, पान उलटलं की नटी, पान उलटलं की दागिने, नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला कोण काय नेसून आलं त्याचे फोटो, परदेशातल्या हॉटेलातलं जेवण. आईंनी ते मिटून खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "एवढ्या कागदात एक माणूस ओळखीचं नाही." तुम्ही हसला नव्हता. तुम्ही ते वाक्य जणू पर्समध्ये घालून घेतलंत. लोक सभेत सांगत होते की मॅडमनी मासिकाचा चेहरा बदलला, नवी दृष्टी दिली. ती दृष्टी कुठून आली ते मला माहीत आहे. पण मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

तुमच्या पहिल्या अंकाच्या वेळी तुम्ही डमी घेऊन आलात. डमी म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. छापायच्या आधी सगळी पानं कच्ची काढून अंकासारखी लावलेली. मी पडवीत चिंच फोडत बसले होते. तुम्ही माझ्यासमोर जमिनीवर पानं मांडलीत आणि म्हणालात, बघ. मी म्हटलं, मला यातलं काय कळतंय. तुम्ही म्हणालात, कळायला नकोच आहे, कुठं खोटं वाटतं तेवढं सांग.

मला वाटलं, ही परीक्षा आहे. आज मी काही बोलेन आणि उद्या ऑफिसात हसू होईल, आमची भावजय असं म्हणाली. मी मान खाली घालून चिंच फोडत राहिले. तुम्ही माझ्या ढिगातला एक चिंचोका उचलून माझ्या तळहातावर ठेवलात.

"बोलू नकोस. जे पान खोटं वाटेल त्यावर हा ठेव. कारण मी विचारणार नाही. कधीच."

मी पानं बघितली. एका पानावर एका मोठ्या घरातली बाई होती, घर किती साधं ठेवलंय आणि सगळं कसं मी स्वतःच्या हातानं करते ते सांगत होती. मी चिंचोका तिच्या पायाशी ठेवला. तुम्ही ते पान काढून बाजूला घडी करून ठेवलंत. अंक आला त्यात ती बाई नव्हती. मी घाबरले. माझ्यामुळे एका बाईचं छापायचं नाव पुसलं गेलं? मग वाटलं, छे, तुम्हाला ते पान काढायचंच असणार, माझा चिंचोका नुसतं निमित्त. हे की ते, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण रिवाज पडला. दर महिन्याला डमी यायची. मी चिंचोके धुऊन वाळवून स्टीलच्या वाटीत खिडकीत ठेवायला लागले. कधी सबंध अंक नुसताच जायचा. कधी दोन-तीन पानांवर चिंचोके. तुम्ही दिलेला शब्द पाळलात, कारण कधी विचारलं नाहीत. मीही सांगितलं नाही. काही वेळा मला स्वतःलाच कारण माहीत नसायचं. वाचताना कुठंतरी दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं, तेवढंच.

अंक बदलत गेला ते मी असं जमिनीवर बसून पाहिलं. मालकांना भीती होती की दागिनेवाल्यांच्या जाहिराती जातील. तुम्ही त्यांना काय म्हणाला होतात ते तुम्ही मला नक्कल करून दाखवलं होतं. कागद गुळगुळीतच राहू दे साहेब, माणसं फक्त आपली आणू. मुखपृष्ठावर लग्नाच्या बँडचा मास्तर आला, त्याच्या लाल कोटाची बटणं अशी चमकत होती की नटीचे दागिने काय चमकतील. नाटकाला कपडे भाड्यानं देणारे आले. देवळाबाहेर हार्मोनियम दुरुस्त करणारी बाई आली. ते अंक बायका आधीसारखे पदराआड घेऊन वाचायच्या नाहीत, उघड वाचायच्या.

आणि तरी आपला एक वाद राहिलाच. उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या पापड लाटणाऱ्या सिंधी बायकांचं पान होतं. त्यात एका बाईचा फोटो, कपाळावर घाम, केस विस्कटलेले. मी चिंचोका ठेवला, आणि त्या एकाच वेळी तोंडानंही बोलले. मी म्हटलं, नटी असली की तिला चांगलं नेसवून उभी करता, आमच्यातली असली की घामातच का? तुम्ही म्हणालात, ती तशीच दिसते म्हणून, मंदा. मी म्हटलं, फोटोवाला येणार हे तिला आधी माहीत होतं ना? मग तिनं एक बरी साडी काढून ठेवली असणार. तुम्हीच तिला नको म्हणाला असाल.

तुम्ही पानं गोळा केलीत. तो होकार की राग, ते मला ओळखता आलं नाही. अंकात शेवटी फक्त तिचे हात आले, पिठानं माखलेले. घाम नाही, साडीही नाही. तुम्ही वाद मिटवला नव्हता, त्यातून वाट काढली होती. तो वाद अजून अर्धाच आहे, वन्सं. तुम्ही उठून गेलात म्हणून माझं म्हणणं संपलेलं नाही.

माझं चुकलंही. एका म्हाताऱ्याचं पान होतं, तो म्हणत होता की नाटकाचे पडदे मी रंगवले, समुद्र, राजवाडे, जंगल, आणि सगळे घरात जपून ठेवलेत. खोली एवढीशी, त्यात समुद्र कुठं ठेवतो? मी चिंचोका टाकला. पान गेलं. पुढच्या रविवारी तुम्ही मला रिक्षात घातलंत आणि कॅम्प चारला त्याच्या घरी नेलंत. मी वाटेत म्हणाले, तुम्ही तर कारण विचारणार नव्हता. तुम्ही म्हणालात, विचारत नाहीये, दाखवतेय.

म्हाताऱ्याला तुम्ही काय सांगितलं होतं कुणास ठाऊक, तो माझ्याकडे बघून म्हणाला, "अच्छा, ये है वो शकवाली? बैठो बेटा, शक है तो देख लो." त्यानं पलंगावरची गादी उचलली. खाली फळ्या नव्हत्या, पडद्यांच्या गुंडाळ्या होत्या. तो समुद्रावर झोपत होता. त्यानं एक गुंडाळी दारातून बाहेर गल्लीपर्यंत पसरली आणि गल्लीतल्या बायका साड्या वर धरून पाण्यातून चालल्यासारख्या कडेनं गेल्या. तुम्ही एवढ्या हसलात की तुम्हाला भिंतीला टेकावं लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण त्याचं पान पुढच्या अंकात आलं, आणि तो तुमचा सर्वात चांगला अंक निघाला असं लोक म्हणतात. येताना रिक्षात मी म्हटलं, आता मला डमी नका दाखवू. तुम्ही म्हणालात, का, देवळातला कौलसुद्धा कधी कधी उलटा पडतो.

त्या म्हाताऱ्याला मी 'शकवाली' म्हणून माहीत होते. आणखी कुणाला? शोकसभेत एक जण म्हणाला, आमच्याकडे एखादा लेख रद्द झाला की मॅडम नुसतं म्हणायच्या, चिंचोका पडला. हा शब्द कुठून आला ते आम्हाला कधीच कळलं नाही. सगळे रडता रडता हसले. मी पाण्याचा ग्लास भरत होते, तो भरून सांडला. इतकी वर्षं तुमच्या ऑफिसात माझा चिंचोका फिरत होता आणि माझं नाव नव्हतं. तुम्हाला माझी लाज वाटत होती का वन्सं? चौथी शिकलेली भावजय? मी त्या सभेतून घरी आले ती हाच प्रश्न घेऊन.

आता ते पान. इथवर लिहिलं ते सगळं या पानाला टाळत लिहिलं.

आई गेल्या त्या दुपारी घरात मी एकटी होते. हे डॉक्टरांना आणायला बदलापूरला गेले होते. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही कॅम्प चारच्या छापखान्यात होता. मागे मशीनचा आवाज येत होता. दिवाळी अंक मशीनवर चढलाय, मंदा, तासाभरात निघते, असं म्हणालात. तुम्ही निघालात, पण तोवर आई थांबल्या नाहीत. तुम्ही दारात आलात तेव्हा मी तुम्हाला एवढंच सांगितलं, "आई तुमचं नाव घेत होत्या." तुम्ही ते ऐकलंत आणि आत गेलात. पुढं कधी काही विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही. यांनाही नाही.

वर्षभरानं आलेल्या एका डमीत तुमचा स्वतःचा लेख होता, आईंवरचा. मी बोट ठेवून वाचते हे तुम्हाला माहीत आहे. बोट खाली आलं. तिथं लिहिलं होतं, आईनं कुसुम म्हणून हाक मारली. मी ओ दिली. तिनं माझा हात धरला आणि मग ती काही बोलली नाही.

माझं बोट तिथंच थांबलं. तुम्ही तिथं नव्हता, ते खोटं होतं, पण बोट त्यामुळं थांबलं नाही. ते थांबलं कारण झालं होतं ते अगदी असंच. आई डोळे मिटून होत्या. त्यांनी "कुसुम" म्हणून हाक मारली. एकदा, मग पुन्हा. मी मंदा आहे असं सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "ओ." त्यांनी चाचपून माझा हात धरला. मी तो सोडवला नाही.

हे फक्त मला आणि आईंना ठाऊक होतं. मग तुमच्या लेखात कसं आलं?

वन्सं, त्या प्रश्नानं मला पोखरलं. शेजारीण खिडकीशी होती का? हे लवकर परत येऊन दाराबाहेर थांबले होते का? एकदा तर असंही वाटलं की तुम्ही आधीच पोहोचला होता, दाराआड उभं राहून सगळं ऐकत होता आणि आत यायचं धाडस झालं नाही म्हणून मागाहून आल्यासारखं दाखवलंत. मी मनात तुम्हाला कुठं कुठं उभं केलं, तुम्हाला कल्पना नाही.

त्या पानावर मी चिंचोका ठेवला. तुम्ही त्याच्याकडे बघत राहिलात. वाटलं, आता विचाराल. पण तुम्ही शब्दाच्या पक्क्या. तुम्ही चिंचोका उचललात, वाटीत टाकलात, आणि पान परत डमीत घातलंत. तेवढं एकच पान तुम्ही माझा चिंचोका ओलांडून पुढं नेलंत. ते छापून आलं. लोकांनी रडून पत्रं लिहिली, शाळेत वाचून दाखवलं म्हणे. आणि तुम्ही खरवईला यायचं बंद केलंत. झाडाला पुन्हा चिंच आली, फोडून झाली, मग एका रविवारी डमी घेऊन पडवीत उभ्या राहिलात, काही झालंच नाही अशा. मी पण काही झालं नाही असाच चहा ठेवला. साखर मात्र जास्त पडली.

तुमच्या आजारपणात मी अंबरनाथला यायचे, पेज घेऊन. टेबलावर तुमची तेव्हाही पानं असायची. एके दिवशी तुम्ही म्हणालात की ऑफिसात सगळे मला हो म्हणतात, मंदा, मालकसुद्धा हल्ली हो म्हणतात. तू एकटीच अशी आहेस जी मला दार उघडते तेव्हा आधी माझ्या मागे कोण उभं आहे ते बघते. म्हणून येत गेले मी. मी मनात म्हटलं, आजारी माणूस गोड बोलतं. मग तुम्ही उशीवर मान वळवलीत.

"तुझा एक चिंचोका मी ऐकला नाही."

"मला नाही आठवत," मी म्हटलं.

"खोटं बोलतेस. ठेवू का चिंचोका?"

आपण दोघी हसलो. तीच वेळ होती विचारायची, तुम्हाला कसं कळलं म्हणून. मी पेजेत मीठ आहे का ते विचारलं.

काल ती मुलगी आली. ऋजुता, तुमच्या जागेवर आता ती बसते. रिक्षातून उतरली आणि नव्या इमारतींकडे, मग आपल्या घराकडे, मग चिंचेकडे बघत राहिली. हातात पिशवी. मला वाटलं आली, आठवणी मागायला आली, फोटो काढायला आली. मी पाणी दिलं आणि दारातच उभी राहिले. ती म्हणाली, "काकू, मॅडमवरचा अंक काढतोय. डमी आणलीय." मी दारातून बाजूला झाले.

ती सांगत होती की मॅडमनी शेवटी तिला माझा पत्ता दिला. बजावलं, "मी गेल्यावर माझ्यावर अंक काढाल, काढालच, तर डमी आधी खरवईला न्या. तिथं माझ्या भावाची बायको आहे. तिच्यासमोर पानं मांडा आणि गप्प बसा."

"इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही का त्यांनी?" मी विचारलं. अनोळखी माणसाला आपण होऊन प्रश्न विचारायची माझी ही पहिली वेळ असेल.

"मी पण हेच विचारलं," ती म्हणाली. "तर म्हणाल्या, नाव सांगितलं असतं तर सगळे तिला आवडेल असं लिहायला लागले असते."

आता हे खरं, की तुम्ही वेळेवर सुचलेलं उत्तर दिलंत? तुम्ही हजरजबाबी होता. पण वन्सं, हे उत्तर मी ठेवून घेतलंय. एवढं एक मी न तपासता ठेवून घेते.

तिनं पडवीत पानं मांडली. मी वाटी घेतली. कुडत्यातल्या माणसाच्या पानावर पहिला चिंचोका गेला, ते तुम्ही ओळखलं असेलच. आणखी एक-दोन. मग ते पान आलं. अंकाच्या मधोमध, चौकटीत, मॅडमचा सर्वांत गाजलेला लेख, पुन्हा एकदा. आईनं कुसुम म्हणून हाक मारली.

मला तुमचा राग आला. अंक माझ्याकडे पाठवलात तो हे पान यात असणार हे ठाऊक असूनच पाठवलात. जे तुम्हाला जिवंतपणी काढता आलं नाही ते काढायचं काम माझ्यावर ढकलून गेलात. चिंचोका ठेवला नाही तर जन्मभर पानं निवडल्याचा काय उपयोग? ठेवला तर गेलेल्या नणंदेला भावजयीनं खोटं पाडलं. मी चिंचोका मुठीत धरून बसले. तो गरम झाला. ती मुलगी शब्द न बोलता बसून होती, चांगलं शिकवलंत तिला.

मी तो ठेवला.

तिचा चेहरा उतरला. "काकू, हा लेख गेला तर... विचारायचं नाही असं सांगितलंय, पण हा लेख?"

विचारणार नाही हा शब्द तुमचा होता, तिचा नव्हे. आणि सांगायचं नाही असा शब्द मी कुणालाच दिला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"त्या दुपारी वन्सं नव्हत्या तिथं. मी होते."

"आणि हाक?"

"हाक त्यांच्या नावानं होती. ओ मी दिली."

तिनं लेखावरून नजर फिरवली, मग वर बघितलं. संपादकासारखंच विचारलं तिनं, "मग मॅडमना कसं कळलं? तुम्ही सांगितलं होतं?"

"नाही. कुणालाच नाही."

"मग?"

हा प्रश्न मी इतकी वर्षं शेजारणीच्या खिडकीत, दाराआड, यांच्या चपलांपाशी शोधत होते. दुसऱ्याच्या तोंडून आला तेव्हा त्याचं उत्तर माझ्याच तोंडात तयार होतं.

"त्या मला ओळखत होत्या."

एवढंच होतं वन्सं. दाराआड कुणी नव्हतं. आई तुमचं नाव घेत होत्या एवढं मी सांगितलं, आणि पुढं मी काय केलं असेल ते तुम्हाला सांगावं लागलं नाही. तुमच्या लेखात तुमच्याबद्दल जे होतं ते खोटं होतं, आणि माझ्याबद्दल जे होतं ते सगळं खरं. मी ज्या पानावर चिंचोका ठेवला त्याच पानात मी होते. जिला कुणी नीट बघितलं नाही असं वाटायचं, तिला तुम्ही न बघता बघितलंत. नाव तेवढं चोरलंत. त्याबद्दल मी अजून रागावलेली आहे, ते तसंच राहू द्या.

मुलीनं पान काढलं आणि घडी घातली. घडी तुमच्यासारखीच, आधी उभी, मग आडवी. मधली चौकट आता रिकामी आहे, तिथं काय घालायचं ते तिचं ती बघेल. मला विचारलं नाही, मीही सुचवलं नाही. चहा पिऊन निघताना ती चिंचेखाली थांबली आणि म्हणाली, पुढच्या महिन्याची डमी घेऊन येऊ का?

मी बघू म्हटलं. शिकलेली मुलगी, एवढ्या लांब कशाला येईल? तिला काय हवं असेल? रिक्षा वळेपर्यंत मी तिच्याकडे बघत होते.

आज सकाळी वाटीतले जुने चिंचोके धुऊन पडवीत उन्हाला घातलेत.